जिनिंग-प्रेसिंग कारखान्याची अग्निसुरक्षा: आराखड्यावरच ठरवायच्या गोष्टी

विदर्भात नवे जिनिंग उभे करू पाहणारा माणूस सल्ल्यासाठी येतो तेव्हा त्याच्या हातातल्या कागदावर रेच्यांची (कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रांची) संख्या, गाठी दाबणाऱ्या प्रेसची क्षमता, महावितरणकडून मिळणारा भार आणि बँकेच्या कर्जाचे हप्ते असे सगळे व्यवस्थित मांडलेले असते. आगीच्या नावाने मात्र 'अग्निशमन यंत्रे, २० नग' एवढी एकच ओळ असते. मी ती ओळ बाजूला ठेवून त्याला एक प्रश्न विचारतो: एका आगीत तुमचा किती क्विंटल कापूस गेला तरी कारखाना पुढच्या हंगामात सुरू होऊ शकेल? या प्रश्नाचे उत्तर आकड्यात मिळाल्याशिवाय नकाशावर पहिली रेघ ओढू नये, कारण गंजी किती मोठी, दोन गंज्यांत अंतर किती, भिंत कुठे आणि पाण्याची टाकी केवढी, हे सगळे त्याच आकड्यावरून ठरते.

हा आग्रह धरण्यामागे साधा हिशेब आहे. बहुतेक जिनिंग तालुक्याच्या गावाबाहेर, राज्यरस्त्याच्या कडेला असतात. नगरपरिषदेचा बंब वीस-तीस किलोमीटरवरून निघतो आणि रात्री चालक घरून बोलवावा लागला तर आणखी वेळ जातो. बंब आला तरी त्याच्या पोटात साडेचार हजार लिटर पाणी असेल आणि वीस मिलिमीटर तोंडाच्या दोन नळ्या साडेतीन किलो दाबाने चालवल्या, तर मिनिटाला सुमारे हजार लिटर पाणी जाते, म्हणजे बंब साडेचार मिनिटांत रिकामा होतो. त्यानंतर तो पुन्हा भरायला कुठे जाणार, याचे उत्तर आपल्या आवारातच असले पाहिजे. पहिला पाऊण ते एक तास बाहेरून कोणीही येणार नाही असे गृहीत धरून जो आराखडा केला जातो, तोच आपल्या भागासाठी खरा आराखडा होय.

कापूस कसा जळतो

सुटा कापूस आणि दाबलेली गाठ या दोन्ही कापसाच्याच असल्या तरी आगीच्या दृष्टीने त्या दोन वेगळ्या वस्तू आहेत. सुट्या कापसाच्या गंजीवर ठिणगी पडली की बाहेरच्या मोकळ्या तंतूंवरून ज्वाळा काही सेकंदांत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावते आणि मग आग आत शिरून धुमसत राहते. वरची ज्वाळा विझलेली पाहून माणसे निःश्वास सोडतात आणि अर्ध्या तासाने गंजी पुन्हा पेट घेते. गाठीचे वागणे याच्या उलट असते. दाबलेल्या गाठीच्या पृष्ठभागावर ज्वाळा फारशी पकडत नाही, परंतु प्रेसमध्ये जाणाऱ्या रुईबरोबर, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाबरोबर, एखादी धुमसती गुठळी आत गेली, तर तंतूंच्या पोकळीत आणि तंतूंमध्ये अडकलेल्या हवेवर ती दिवसेंदिवस जळत राहते. बाहेरून ना धूर, ना वास. गाठ गोदामात जाते, तिच्यावर दुसऱ्या गाठी रचल्या जातात आणि आग तिसऱ्या किंवा चौथ्या दिवशी बाहेर येते. वर्धा जिल्ह्यातल्या एका कारखान्यात रात्रीच्या पाळीत प्रेसजवळ किरकोळ आग लागली होती, ती पाच मिनिटांत विझवून काम पुन्हा सुरू करण्यात आले. त्या पाच मिनिटांच्या आधी बांधलेल्या गाठी कुठल्या, हे कोणी लिहून ठेवले नव्हते. गोदाम पेटले ते त्यानंतर दोन दिवसांनी, भरदुपारी.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. कच्च्या कापसाच्या तंतूवर नैसर्गिक मेणाचा थर असतो, त्यामुळे साधे पाणी त्यात झिरपत नाही, वरून घरंगळून जाते. पाण्यात ओलावा धरवणारे द्रावण मिसळल्यास ते आत उतरते. म्हणून कापसाच्या कारखान्यात असे द्रावण नुसत्या पाण्याइतकेच आवश्यक समजावे आणि त्याचे कॅन पंपघरात, हाताशी, नेहमी भरलेले असावेत.

जागेचा नकाशा

नकाशा काढताना क्रम असा ठेवावा: आधी कापसाच्या गंज्या, मग गाठींचे गोदाम, मग पाणी, आणि सगळ्यात शेवटी जिन हॉल. प्रत्यक्षात याच्या नेमके उलट होते. जिन हॉल मधोमध बसतो आणि उरलेल्या जागेत कापूस मावेल तसा कोंबला जातो.

एका गाठीचे वजन साधारण १७० किलो असते आणि रुईचा उतारा ३४ टक्के धरला, तर एका गाठीला पाच क्विंटल कापूस लागतो. म्हणजे ५०० क्विंटलची एक गंजी ही १०० गाठींची रक्कम झाली. मालकाने सुरुवातीला दिलेला आकडा आता इथे वापरायचा. त्याने हजार क्विंटल सांगितले असेल, तर एका सलग गंजीत हजारापेक्षा जास्त कापूस कधीही येणार नाही असे ओटे बांधावेत, म्हणजे हंगामाच्या घाईत मुकादमाला वाटले तरी गंजी वाढवता येणार नाही. ओट्याची कडा सिमेंटची असावी. चुन्याने मारलेली रेघ डिसेंबरपर्यंत टिकत नाही. दोन ओट्यांमधली मोकळी पट्टी हा कापसाचा रस्ता नव्हे, ती आगीची सीमा आहे. बंब फिरवायचा तर त्या पट्टीची रुंदी सहा मीटरपेक्षा कमी ठेवून चालत नाही, आणि दोन गंज्यांमध्ये मी स्वतः त्याच्या दुप्पट जागा मागतो. जागा महाग आहे अशी तक्रार होते. आपल्या भागात जिनिंगची जमीन एकराच्या हिशेबाने घेतली जाते, तेव्हा ही तक्रार मला फारशी पटत नाही.

फाटक साडेचार मीटरपेक्षा अरुंद नसावे आणि त्यावर नावाची कमान घालायचीच असेल तर ती पाच मीटरच्या वर असावी. शक्य असेल तर दुसऱ्या बाजूला दुसरे फाटक ठेवावे, कारण खरेदीच्या दिवसांत पहिल्या फाटकासमोर बंड्या, ट्रॅक्टर आणि मेटाडोरची रांग रस्त्यापर्यंत गेलेली असते आणि नेमक्या त्याच वेळी बंबाला आत यायचे असते. कापूस घेऊन आलेली वाहने गंजीला टेकून उभी राहणार नाहीत अशी उतरवण्याची जागा आखावी. ट्रॅक्टरच्या सायलेन्सरमधून पडणारी काजळीची ठिणगी हे आगीचे एक अगदी साधे कारण आहे. सायलेन्सरला ठिणगीरोधक जाळी नसलेला ट्रॅक्टर फाटकावरच थांबवावा, हे ठीक. परंतु शेतकरी पहाटेपासून रांगेत उभा असतो आणि त्याला परत पाठवणे कोणालाच जमत नाही, हेही खरे. म्हणून फाटकाच्या खोलीत दहा-वीस जाळ्या ठेवून आत येताना लावायच्या आणि बाहेर जाताना काढून घ्यायच्या, ही सोय नियमाच्या पाटीपेक्षा जास्त उपयोगी पडते.

विजेची उच्चदाब वाहिनी ओट्यांवरून जात असेल, तर ओटे हलवावेत किंवा वाहिनी हलवून घ्यावी. यात तिसरा मार्ग नाही. वाऱ्याचा विचार करताना वर्षभराची सरासरी पाहू नये. आपला हंगाम ऑक्टोबरअखेर सुरू होऊन मार्चपर्यंत चालतो, तेव्हा त्या पाच महिन्यांतला वारा पाहावा, आणि उरलेल्या गाठी उन्हाळ्यात गोदामात राहणार असतील तर एप्रिल-मेमधल्या पश्चिमेकडच्या कोरड्या वाऱ्याचाही वेगळा विचार करावा. चूल, बॉयलर, जनित्र आणि वेल्डिंगची शेड वाऱ्याच्या पुढच्या अंगाला, म्हणजे ठिणगी गंजीकडे न जाता शेताकडे जाईल अशा ठिकाणी असावीत. अर्थात शेजारच्या शेतात उभी पऱ्हाटी असेल तर कुंपणालगत चार-पाच मीटरची नांगरलेली पट्टी ठेवावी लागते, कारण आग बाहेर जाते तशीच बाहेरून आतही येते. फेब्रुवारीनंतर शेतकरी धुरे जाळतात, हे विसरून चालणार नाही.

जिन हॉल आणि प्रेस हॉल यांच्यामध्ये, तसेच प्रेस हॉल आणि गोदाम यांच्यामध्ये २३० मिलिमीटर जाडीची विटांची सलग भिंत बांधावी आणि ती छपराच्या पत्र्याखाली न थांबवता पत्र्याच्या वर साठ सेंटिमीटर ते एक मीटर न्यावी. भिंत पत्र्याखाली थांबली की कैचीतल्या, म्हणजे छपराचा भार पेलणाऱ्या सांगाड्यातल्या, मोकळ्या जागेतून आग पलीकडे जाते; भिंत बांधूनही न बांधल्यासारखीच. लोखंडी कैची ५५० अंश सेल्सिअसच्या आसपास आपली निम्मी ताकद गमावते आणि पेटलेल्या रुईच्या वर तेवढी उष्णता सहज होते, म्हणून एका हॉलची कैची कोसळताना दुसऱ्या हॉलची भिंत ओढून नेणार नाही अशा रीतीने दोन्ही छपरांचे आधार वेगळे असावेत. कन्व्हेयर किंवा डक्टसाठी भिंतीत ठेवलेल्या भोकाला उष्णतेने आपोआप पडणारा झडपेचा दरवाजा लागतो. भिंतीचा सगळा खर्च अशा एका भोकात वाया गेलेला मी अनेकदा पाहिला आहे.

ठिणगी कापसाबरोबरच येते

कापसात खडे, खिळे, विळ्याचे तुकडे, बंडीच्या चाकाचे बोल्ट आणि चिखलाची ढेकळे येतात. पूर्वी वेचणी सकाळच्या दवात, निगुतीने होई. आता वेचणीचे दर आणि मजुरांची टंचाई यांमुळे जे हाती लागेल ते पोत्यात जाते, त्याचा दोष शेतकऱ्याला देण्यात अर्थ नाही. कारखान्याने तो गृहीत धरून यंत्रांची रचना करावी. ओट्यापासून रेच्यापर्यंत कापूस वाऱ्याच्या ओढीने नेणाऱ्या नळीत आधी जड वस्तू खाली पाडणारा खड्डा, मग चुंबक, मग साफ करणारे यंत्र हा क्रम असावा. चुंबक त्या साफ करणाऱ्या यंत्रानंतर लावला, तर खिळा त्या यंत्राच्या काट्यांवर आपटून ठिणगी पाडून मोकळा होतो आणि मग चुंबकाला चिकटतो. चुंबक कोणी, किती वेळाने साफ करायचा हे ठरलेले नसेल तर आठवड्याभरात त्यावर लोखंडाचा एवढा थर जमतो की नवा खिळा त्याला चिकटतच नाही. एका पाळीत दोनदा साफ करावा आणि निघालेले लोखंड एका डब्यात ठेवावे. महिन्याच्या शेवटी तो डबा मालकाला दाखवला की पुढच्या वर्षी चांगल्या चुंबकासाठी भांडण करावे लागत नाही.

आपल्याकडे बहुतेक ठिकाणी दुहेरी रोलरचे रेचे आहेत. चामड्याचा रोलर आणि स्थिर चाकू यांच्यातला दाब वाढवला की उत्पादन थोडे वाढते, असे फिटर लोकांचे मत असते, आणि त्याचबरोबर घर्षणाची उष्णताही वाढते. रोलर जळल्याचा कडवट वास ही पहिली सूचना होय. त्या वासाला रेचा थांबवण्याचा अधिकार रेच्यावरच्या कामगाराला लेखी असला पाहिजे. मुकादमाला विचारून थांबवायचा असेल तर तो थांबत नाही. बेअरिंगवर रुई गुंडाळली जाणे ही दुसरी नेहमीची गोष्ट. त्यावर उपाय म्हणून दर पाळीला हवेने साफसफाई करतात, परंतु दाबाच्या हवेने उडालेला बारीक फुफाटा वर कैचीवर, दिव्यांवर आणि केबलच्या ट्रेवर जाऊन बसतो आणि आग लागली की तोच छपराखालून ज्वाळा पळवतो. झाडण्यापेक्षा ओढून घेणे केव्हाही चांगले, म्हणून आराखड्यातच धूळ ओढणारी मध्यवर्ती व्यवस्था धरावी. ते परवडत नसेल, तर कैचीला शक्य तितके सपाट पृष्ठभाग कमी ठेवावेत आणि कैचीपर्यंत पोहोचणारी कायमची शिडी व चालण्याची पट्टी द्यावी. जिथे माणूस सहज पोहोचत नाही तिथे साफसफाई होत नाही, हे कुठल्याही वेळापत्रकाने बदलत नाही.

डक्टमध्ये ठिणगी ओळखणारी अवरक्त संवेदके बसवता येतात. ठिणगी दिसताच ती पाण्याचा फवारा मारतात किंवा झडप फिरवून तेवढा कापूस बाहेर टाकतात. खर्च करायचाच असेल तर सगळ्यात आधी ही यंत्रणा रुई प्रेसकडे नेणाऱ्या डक्टवर बसवावी, कारण धुमसती गुठळी गाठीत जाण्याची वाट तीच आहे. तिच्याशी तीन गोष्टी जोडलेल्या असाव्यात: कापसाचा पुरवठा थांबणे, ओढणारा पंखा थांबणे आणि प्रेस थांबणे. पंखा चालू राहिला तर तो आगीला वाराही देतो आणि तिला पुढेही नेतो. हे तीन निर्णय आग लागल्यावर माणसाने घ्यायचे नाहीत. एका लाल बटणात ते आधीच बांधलेले असावेत, आणि ते बटण दाराजवळ असावे, रेच्यांच्या रांगेच्या आतल्या टोकाला नव्हे.

हवेतला ओलावा हाही सुरक्षेचा भाग आहे. कापूस फार कोरडा झाला की स्थिर वीज वाढते, तंतू नळ्यांना चिकटतात आणि पेट घेण्याची शक्यता वाढते. फेब्रुवारीनंतर आपल्या हवेत ओलावा झपाट्याने कमी होतो, तेव्हा रुईत साधारण आठ टक्के ओलावा राखणारी फवाऱ्याची व्यवस्था चांगल्या गाठीसाठी जशी लागते तशीच सुरक्षेसाठीही लागते. सगळे डक्ट, रेचे आणि प्रेस यांना एकमेकांशी व जमिनीशी तांब्याच्या पट्टीने जोडावे. रंग लावलेल्या फ्लँजमध्ये वीज वाहत नाही, तिथे बाहेरून जोडपट्टी द्यावी.

वीज

मुख्य पॅनेल जिन हॉलमध्ये ठेवू नये, त्याला वेगळी खोली असावी. मोटारी पूर्ण बंदिस्त प्रकारच्या आणि दिवे, स्विच व जोडपेट्या धूळबंद असाव्यात. ट्रान्सफॉर्मरमध्ये तेल असते, म्हणून तो गंजीपासून दूर, खाली खडी भरलेल्या खड्ड्यावर आणि जवळच्या इमारतीच्या बाजूने भिंत घालून बसवावा. हंगामी जोडणीत सगळ्यात धोकादायक असते ती रात्री ओट्यावर उजेडासाठी ओढलेली उघडी तार आणि तिला बांधलेला हॅलोजन. त्याऐवजी ओट्यांच्या कडेला उंच खांबांवर बंद काचेचे एलईडी दिवे पहिल्या दिवसापासून असतील तर कोणी तार ओढतच नाही. आकाशातून पडणारी वीज जमिनीत नेणाऱ्या तडितरक्षकाच्या भूसंपर्काभोवतीची काळी माती उन्हाळ्यात सुकते, त्यामुळे भूसंपर्काचा रोध मोजायचा तो पावसाळ्यात नव्हे, मे महिन्यात.

पाणी

हायड्रंटसाठी, म्हणजे आगीची नळी जोडायच्या तोट्यांसाठी, २,२८० लिटर प्रतिमिनिट क्षमतेचा पंप धरला, तर दोन तासांना २,७३,६०० लिटर पाणी लागते. हे पाणी फक्त आगीसाठी राखीव असावे. एकाच टाकीतून पिण्याचे, बांधकामाचे आणि आगीचे पाणी घ्यायचे असेल, तर इतर वापराच्या नळीचे तोंड टाकीत उंचावर ठेवावे, म्हणजे खालचे पाणी कोणी वापरू म्हटले तरी वापरता येणार नाही. विहीर आणि बोअर ही टाकी भरण्याची साधने आहेत. ती आगीच्या पाण्याची सोय नव्हेत, कारण एप्रिलमध्ये त्यांचे पाणी किती खाली जाते हे या भागातल्या कोणालाही सांगावे लागत नाही. टाकी झाकलेली असावी, उघड्या टाकीतले पाणी उन्हाने उडून जाते आणि शेवाळ पंपाच्या जाळीत अडकते. शेततळ्यातून पाणी घेण्याची कल्पना चांगली आहे, मात्र त्याकडे दुसरी फळी म्हणूनच पाहावे. बंबाला तिथे उभे राहून पाणी ओढता येईल असा पक्का रस्ता आणि शोषनळीची जोडणी करून ठेवली तर साडेचार मिनिटांत रिकामा होणारा बंब तिथे पुन्हा भरता येतो.

काळी माती हा आपल्या भागाचा खास प्रश्न आहे. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात हातभर खोल भेगाळते आणि तिच्यात पुरलेली नळी दरवर्षी थोडी वर-खाली होते. सांधे सुटतात आणि गळती जमिनीखाली असल्यामुळे कळत नाही. नळी पुरायचीच असेल तर काळी माती काढून मुरुम व वाळूचा थर द्यावा आणि सांधे लवचिक ठेवावेत. त्यापेक्षा जिथे वाहने जात नाहीत तिथे ती पायथ्यांवर जमिनीवरून नेणे मला जास्त पसंत आहे, कारण गळती डोळ्यांना दिसते. टाकीचा पायाही याच कारणाने मातीच्या चाचणीशिवाय घालू नये.

पंप तीन लागतात: दाब टिकवून ठेवणारा छोटा जॉकी पंप, मुख्य विद्युत पंप आणि डिझेल पंप. आग लागली की कोणीतरी धावत जाऊन मुख्य स्विच पाडतो आणि ते योग्यच आहे. म्हणून अग्निशमन पंपाची वीज मुख्य स्विचच्या आधीच्या वेगळ्या फीडरवरून घेतलेली असावी, नाहीतर त्या माणसाने कारखान्याबरोबर पंपही बंद केलेला असतो. डिझेल पंप दर आठवड्याला चालवून पाहावा. तो न चालण्याचे कारण बहुतेक वेळा एकच असते, उतरलेली बॅटरी. सर्वांत लांबच्या हायड्रंटला साडेतीन किलो दाब मिळतो की नाही हे पंप बसवणाऱ्याच्या कागदावर न पाहता तिथे मापक लावून पाहावे.

सूचना देणारी आणि स्वतः विझवणारी साधने

जिन हॉलमध्ये धूर ओळखणारे साधे संवेदक लावू नयेत. रुईच्या धुळीने ते रोज खोटा इशारा देतात आणि आठवड्याभरात कोणीतरी त्यांची तार काढून ठेवतो. तिथे उष्णता ओळखणारी केबल छपराखालून फिरवणे व्यवहार्य असते. गोदामात स्प्रिंकलर, म्हणजे उष्णतेने काचेची कुपी फुटली की पाणी फवारणाऱ्या तोट्या, बसवताना कुपीचा रंग पाहावा. नेहमी मिळणारी लाल कुपी ६८ अंशांची असते आणि ती छताजवळचे तापमान ३८ अंशांपर्यंत राहील अशा ठिकाणांसाठी असते. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच पारा ४५च्या पुढे जातो, मग पत्र्याखाली काय होत असेल! ७९ अंशांची पिवळी किंवा ९३ अंशांची हिरवी कुपी मागून घ्यावी. दोन्ही ६६ अंशांपर्यंतच्या छतासाठी चालतात. मोठ्या शहरातला ठेकेदार सवयीने लाल कुप्या लावून जातो आणि पहिल्या उन्हाळ्यात एखादी आग नसताना फुटली की मालक सगळी यंत्रणाच बंद करून ठेवतो.

हातातली अग्निशमन यंत्रे कुठूनही चालत पंधरा मीटरच्या आत सापडावीत. कापसाला पाण्याची यंत्रे, विजेच्या पॅनेलला कार्बन डायऑक्साइड, तेलाला फेस. कोरड्या भुकटीचा जोरदार झोत सुट्या रुईवर मारला तर जळती रुई उडून चार ठिकाणी पडते, म्हणून ती यंत्रे कापसाच्या जवळ टांगू नयेत.

गोदाम आणि संशयित गाठी

गोदामात थरांची उंची स्प्रिंकलरच्या खाली मोकळी जागा राहील अशी असावी, भिंतीपासून गाठी दूर असाव्यात आणि एका गोदामात किती गाठी ठेवायच्या याचा आकडा दारावर रंगवावा. तो आकडा मालकाने सुरुवातीला दिलेल्या उत्तराशी जुळणारा असावा. प्रत्येक गाठीवर वेळ आणि क्रमांक टाकण्याची पद्धत विक्रीसाठी असतेच, तिचा सुरक्षेसाठीही उपयोग करावा: जिन किंवा प्रेस हॉलमध्ये कुठेही आग दिसली, कितीही लहान असो, तर त्याआधी बांधलेल्या गाठी कोणत्या याची नोंद त्याच क्षणी काढावी आणि त्या गोदामात न नेता 'थांबवलेल्या गाठींच्या' उघड्या ओट्यावर, एकमेकींपासून सुट्या ठेवाव्यात. हा ओटा गोदामापासून आणि गंज्यांपासून लांब असावा आणि तो मूळ नकाशातच दाखवलेला असावा. नंतर शोधू म्हटले तर तो कधीच सापडत नाही. तिथे किमान पाच दिवस गाठी ठेवून लांब सळईच्या तापमापकाने रोज आतले तापमान पाहावे. तापलेल्या गाठीच्या पट्ट्या जागच्या जागी तोडू नयेत; पट्ट्या सुटल्या की दाबलेली रुई फुगते, हवा आत जाते आणि धुमसणे ज्वाळेत बदलते. मोकळ्या मैदानात नेऊन, पाण्याची नळी हातात घेऊनच ती उघडावी.

सरकी, ढेप आणि सॉल्व्हंट

ओली सरकी मोठ्या ढिगात स्वतःच तापते, म्हणून ढीग उंच करण्यापेक्षा हवा खेळवणे आणि ओलावा दहा टक्क्यांच्या खाली ठेवणे आवश्यक आहे. ढेपेचेही तसेच. तेलाने माखलेल्या चिंध्या झाकणाच्या लोखंडी डब्यात टाकाव्यात आणि तो डबा रोज रिकामा करावा. हवेशी संयोग होऊन त्या आपोआप पेटतात.

ढेपेतले उरलेले तेल काढण्यासाठी हेक्झेन हा सॉल्व्हंट (तेल विरघळवणारा द्रव) वापरणारा प्रकल्प जोडायचा असेल, तर तो जिनिंगच्या आवारात बसवण्याचा विचार सोडून द्यावा. हेक्झेनचा ज्वलनबिंदू शून्याखाली सुमारे २२ अंश आहे, म्हणजे डिसेंबरच्या पहाटेसुद्धा ते पेटू शकणारी वाफ देत असते. हवेत ती वाफ १.१ टक्का झाली की स्फोट होऊ शकतो, आणि ती हवेच्या जवळजवळ तिप्पट जड असल्याने वर न जाता जमिनीलगत वाहत नालीत, खड्ड्यात, विहिरीत साचते. अशा प्रकल्पात जमिनीखाली तळघर, झाकलेली नाली आणि तीन बाजूंनी बंद शेड नको. ज्वलनशील वाफेच्या क्षेत्रात लागणारी विद्युत सामग्री आणि वाफ ओळखणारे संवेदक जमिनीजवळ हवेत. साठवणुकीचा परवाना देणाऱ्या पेट्रोलियम आणि विस्फोटके सुरक्षा संघटनेचे मुख्यालय नागपुरातच आहे, तेव्हा नकाशा पक्का होण्याआधी तिथे जाऊन बोलून येणे विदर्भातल्या उद्योजकाला इतरांपेक्षा सोपे आहे.

माणसे

कापूस जळला तर विमा असतो. आत अडकलेल्या माणसाची भरपाई नाही. जास्त धोक्याच्या औद्योगिक इमारतीत कुठल्याही ठिकाणापासून बाहेर पडण्याच्या दारापर्यंतचे अंतर २२.५ मीटरपेक्षा जास्त नसावे, असे राष्ट्रीय इमारत संहितेच्या २०१६च्या आवृत्तीत, चौथ्या भागात सांगितले आहे. दारे दोन तरी असावीत, विरुद्ध दिशांना, बाहेरच्या बाजूला उघडणारी. चोरीच्या भीतीने रात्री मागचे दार कुलूपबंद करण्याची पद्धत आहे. आतून ढकलले की उघडेल आणि बाहेरून उघडणार नाही असा दांडा बसवला तर चोरीची भीतीही राहत नाही आणि कुलूपही लागत नाही.

हंगामात आलेले बाहेरगावचे मजूर कारखान्यातच राहतात आणि जागा दिली नसेल तर गंजीच्या आडोशाला चूल मांडतात. त्यांना रागावून उपयोग नाही. ठिणगी गंजीकडे जाणार नाही अशा, वाऱ्याच्या पुढच्या अंगाला, कुंपणाने वेगळ्या केलेल्या भागात पक्क्या खोल्या, स्वयंपाकाचा ओटा, न्हाणीघर आणि विडी ओढण्यासाठी सावलीची एक जागा नकाशातच द्यावी. विडी-काडी फाटकावर जमा करून घेण्याचा नियम तेव्हाच पाळला जातो, जेव्हा ती ओढायला दुसरी जागा असते. सरकी वेचणाऱ्या आणि कापूस पसरवणाऱ्या बायांच्या अंगावर सैल लुगडी आणि पदर असतात, त्यांना फिरत्या यंत्रांपासून दूर आणि दाराच्या जवळ काम द्यावे.

वेल्डिंग हे हंगामाबाहेरच्या आगींचे मोठे कारण आहे, कारण तेव्हा हॉल रिकामा दिसतो आणि कोपऱ्यातली जुनी रुई कोणाच्या लक्षात येत नाही. कामाच्या चारी बाजूंना अकरा मीटरपर्यंतची रुई काढावी, काम संपल्यावर एक माणूस निदान तासभर तिथेच बसवावा आणि कापसाच्या कारखान्यात त्यानंतरही संध्याकाळपर्यंत दोनदा फेरी मारावी.

परवानग्या

औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडून नकाशा मंजूर करून घेताना अग्निशमनाचा नकाशा सोबत द्यावा, नंतर जोडू नये. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार यंत्रणा बसवण्याचे काम परवानाधारक संस्थेकडूनच करून घ्यावे लागते. यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यावे लागते. जानेवारी म्हणजे ऐन हंगाम. त्या तपासणीसाठी पंप पूर्ण क्षमतेने चालवायला अर्धा दिवस द्यावा लागतो, तेव्हा तो अर्धा दिवस हंगामाच्या वेळापत्रकात आधीच धरून ठेवावा.

कारखाना ताब्यात घेताना ठेकेदाराचे शेवटचे बिल देण्यापूर्वी एक चाचणी करावी. ऑक्टोबरमध्ये, पहिला कापूस येण्याच्या आधी, रात्री आठ वाजता मुख्य वीज बंद करावी आणि सर्वांत लांबच्या ओट्याजवळच्या हायड्रंटवर दोन कामगारांना नळी जोडून पाणी सुरू करायला सांगावे. घड्याळ लावावे. तालुक्याच्या अग्निशमन कर्मचाऱ्यांनाही त्या दिवशी बोलवावे, त्यांना फाटक, टाकी आणि शोषनळीची जागा दाखवावी, आणि बंब निघाल्यापासून फाटकात येईपर्यंत लागलेली मिनिटे मोजून पंपघराच्या भिंतीवर रंगवून ठेवावीत. तेवढ्या मिनिटांचे पाणी टाकीत असल्याचे मोजून पाहिल्याशिवाय पहिली बंडी फाटकातून आत घेऊ नये.